झारीची लाळ

तेलाच्या बाटलीच्या मानेवरून खाली उतरणारा ओघळ दिसला की मला अजून शिसारी येते. दात गेले, गुडघे गेले, पण ही शिसारी काही गेली नाही. आमच्या सूनबाईच्या ओट्यावर तेलाची बाटली उभी असते. तिच्याखाली वर्तमानपत्राची घडी, घडीवर तेलाचं पिवळं कडं आणि त्या कड्यात चिकटून मेलेली एखादी मुंगी. सॉसच्या बाटलीकडे तर मी बघतच नाही. तिच्या तोंडाशी वाळलेली ती लाल खपली म्हणजे पोरांच्या गुडघ्यावरची जखम. सून म्हणते, "आई, पुसून घेते ना मी, एवढं काय त्यात?" पुसून घेते हे खरं आहे. पण ज्या भांड्याचं तोंड दर वेळी पुसावं लागतं ते करणाऱ्याने अर्धवट सोडलेलं असतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले. एवढे कारखाने उभे राहिले, एवढ्या मशिनी आल्या, आणि एकालाही बाटलीचा ओठ नीट वळवता येऊ नये, याचा मला राग येतो. कंपनीवाल्यांना माझ्या बाबांपुढे बसवायला हवं होतं.

आम्ही तांबट. महागावच्या बाजूला रस्त्याला लागून आमचं घर होतं. पुढे दुकान, मागे घर, आणि दोन्हींच्या मधे भाता. घरात बोललेलं ऐकू जायला हवं असेल तर दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत बोलावं लागायचं, आणि आम्हा सगळ्यांना ती सवय इतकी जडली होती की बाबा बाहेरगावी गेले तरी आम्ही तुटक तुटकच बोलायचो. बाबांचा ठोका बारीक आणि एकसारखा. भांड्याच्या अंगावर त्यांच्या खुणा बाजरीचे दाणे ओळीने मांडावेत तशा दिसत. दुसऱ्या कुणाचं भांडं दुरुस्तीला आलं तर ते डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवायचे आणि ते कुठल्या गावच्या कारागिराचं आहे ते सांगायचे. यात फुशारकी नव्हती. बाईला आपल्या जावेची भाकर ओळखू येते, तसंच ते.

तांबटाच्या घराबद्दल लोकांना वाटतं, चकचकीत तांब्या-पितळेत राहत असतील. आम्ही घाणीत राहायचो. गावभराची भांडी आमच्याकडे कल्हईला यायची आणि ती घासायचं काम माझ्याकडे. कुणाच्या पातेल्याला दुधाची साय कातडीसारखी चिकटलेली. कुणाच्या पितळेच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, ताक कळकून हिरवं झालेलं, आणि तो हिरवा वास नाकातून थेट जिभेवर उतरायचा. पिकदाण्यांबद्दल तर लिहीत नाही, जेवणाची वेळ आहे. हे सगळं मी आंबलेल्या चिंचेने आणि राखेने घासायचे, मग बाबा भांडं तापवून त्यात नवसागर टाकायचे, पांढरा धूर घरभर व्हायचा, आणि तो धूर भाकरीत, जवसाच्या चटणीत, वांग्याच्या भरितात, सगळ्यात उतरायचा. माझ्या मायच्या हातचं भरीत गावात नावाजलेलं होतं म्हणतात. मला त्याची खरी चव लग्नानंतर, माहेरपणाला दुकान बंद असताना कळली.

पण या सगळ्या घाणीपेक्षा बाबांना एका गोष्टीची जास्त घृणा होती. ओतणं थांबवल्यावर तोटीच्या टोकाशी जो थेंब राहतो, आणि खाली न पडता तोटीच्या पोटाखालून मागे सरपटत भांड्याच्या बुडाशी येतो, त्याला आमच्या घरात लाळ म्हणत. "लाळ गाळणारं भांडं अन् लाळ गाळणारा मानूस, दोन्ही जेवाच्या पंगतीत नोको," असं बाबा म्हणायचे. लाळ का येते यावर ते जेवता जेवता बोलत बसायचे. पाणी आळशी असतं, त्याला कडेला चिकटायला आवडतं. ओठ जाड आणि गोल असला की पाणी त्याला बिलगून वळतं आणि खाली उतरतं. ओठ पातळ हवा, कडेला धार हवी, आणि टोक जरासं जमिनीकडे झुकलेलं हवं, म्हणजे पाण्याला वळायला जागाच मिळत नाही, ते सुटून पडतं. तोटी बुडाशी रुंद आणि टोकाशी निमुळती पाहिजे. हे मला शाळेतल्या कवितांपेक्षा आधी पाठ झालं होतं.

मी मॅट्रिकच्या वर्गात होते तेव्हा दाजीसाहेब आमच्याकडे आले. कापसाची आडत होती त्यांची, आणि आमच्या घरात वर्षाला जी मोठी भांडी घडायची त्यातली बहुतेक त्यांच्या घरची किंवा त्यांच्या शब्दावरची. फुलसावंगीकडे जाणाऱ्या रस्त्यावर फाट्याला त्यांची पाणपोई होती. त्या उन्हाळ्यात ती नव्याने, पक्की बांधून सुरू करायची होती आणि तिच्यासाठी त्यांना एक झारी हवी होती.

"नारायण, अशी झारी कर का लांबून धार धरली तरी नेमकी पडली पाह्यजे," ते म्हणाले. "इकडे तिकडे सांडली नाही पाह्यजे. शिंतोडा तं बिलकुल नाही उडाला पाह्यजे."

"होते जी," बाबा म्हणाले. "लाळ बी नाही येणार."

बाबांनी ती झारी मन लावून केली. लांब तोटी, बगळ्याच्या मानेसारखी. ओठ इतका पातळ की बोट कापलं जाईल. तरी एक अडचण राहिली. तोटी बारीक, झारी मोठी, पाणी सांडू नये म्हणून तोंडावर झाकण, आणि धार मधेच गुडगुड करून अडखळायची. अडखळली की शिंतोडे. बाबा वैतागले. त्याच दिवशी माय तेलाचा नवा डबा फोडत होती. खिळ्याने एक भोक पाडलं, मग समोरच्या कोपऱ्यात दुसरं, आणि तेल शांतपणे यायला लागलं. हे मी जन्मापासून बघत होते. त्या दिवशी मात्र मी उठले आणि बाबांना म्हणाले, "झाकण अजून पक्कं बसवा, अन् मुठीजवळ एक भोक ठेवा. अंगठा ठेवला का धार बंद, उचलला का चालू." बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग झारीकडे, आणि सायकलची जुनी ट्यूब कापायला घेतली, झाकणाखाली चकती बसवायला.

ती झारी चालली तेव्हा मी आनंदाने वेडी झाले, दुसरा शब्द नाही. अंगठा उचलला की काचेच्या कांडीसारखी धार. अंगठा ठेवला की धार जणू कात्रीने कापली. टोकाशी एक थेंब नाही. मी परसात उभी राहून लांबून बांगडीत धार सोडायचे. दाजीसाहेब बघायला आले तेव्हा बाबांनी मलाच ओतायला सांगितलं. दाजीसाहेब म्हणत राहिले, "अजून लांबून. अजून जराशी मागं हो." मी मागे सरकत गेले आणि धार वाटीत पडत राहिली. ते खूश होऊन म्हणाले, "पोरीनं लयच सोय करून देली." कुणाची सोय, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी हे सगळं सुनंदाला सांगत होते. सुनंदा माझ्या बाकावर बसायची. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीत तिचं घर, वडील किसनदादा गवंडीकाम करायचे. तिच्याजवळ सांगितलेली गोष्ट बाहेर जात नसे आणि तिच्याकडून ऐकलेली गोष्ट फुगवलेली नसे, म्हणून ती मला आवडायची. मी भोकाचं सांगितलं, अंगठ्याचं सांगितलं, धार किती लांबून पडते ते हातवारे करून दाखवलं. ती चालता चालता थांबली.

"ते आमच्यासाठीच होय," ती म्हणाली.

"काय?"

"झारी. तुमाले तं तिथं गिलास भेटते. आमाले खालच्या गोट्यावर बसा लागते, असं," तिने उकिडवं बसून दोन्ही हातांची ओंजळ तोंडाला लावून दाखवली. "पाणपोईवरचा बुढा बांबूच्या फोडीतून वरून पाणी सोडते. आर्धं नाकात जाते, आर्धं कपड्यावर. मंग शाळेत ओलंच बसा लागते. बाबा तं जातच नाही तिथं. सायकलले बाटली बांधून नेते." ती उठली, हात झटकले. "तुही झारी बरी हाय. अंग तरी ओलं नाही होणार."

ती रागाने बोलली असती तर मी भांडले असते. ती अगदी सरळ बोलली, कोपऱ्यावरचं दुकान कधी उघडतं ते सांगावं तशी. त्या पाणपोईवर मी कितीदा गिलासभर पाणी प्यायले होते, आणि तो खालचा दगड मी पाय धुवायचा समजत होते. दाजीसाहेबांचं "अजून जराशी मागं हो" मला ऐकू आलं आणि मी कशासाठी मागे मागे सरकत गेले ते कळलं. माणसापासून जेवढं लांब राहता येईल तेवढं लांब राहून त्याला पाणी पाजायचं, आणि वर त्याच्या हाताला लागलेला थेंब उडून भांडं बाटू नये, यासाठी माझं ते डोकं चाललं होतं.

घरी आले तेव्हा झारी खुंटीला टांगलेली होती, लखलखत. लाळ गाळणाऱ्या भांड्यांची मला आयुष्यभर किळस आली. त्या संध्याकाळी न गाळणाऱ्या भांड्याची आली. तो पातळ, कोरडा, स्वच्छ ओठ मला बघवेना. मी बाबांना विचारलं, "ही झारी कोनासाठी हाय, तुमाले माहीत होतं?"

बाबा ठोकत होते. मधल्या जागेत म्हणाले, "माहीत होतं."

"मंग कायले केली?"

"भांडं करनं माह्यं काम हाय. त्यातून कोन कोनाले कसं पाजते, ते माह्यं काम नाही."

"असं कसं नाही?"

ठोका पडला. बाबांनी पुढच्या ठोक्याआधी मधली जागाच ठेवली नाही. आतून माय म्हणाली, "शके, ज्याच्या कामावर चूल पेटते त्याले नाही म्हनाले आपन कोन? जेवून घे." मी जेवले नाही. भाकरीला नवसागराचा वास येत होता, तो रोजच यायचा, पण त्या दिवशी मला तो बाबांच्या हातांचा वास वाटला. स्वतःच्या बापाची किळस येणं हे फार वाईट असतं. ती आली की जाता जात नाही, हे मी अनुभवाने सांगते.

उद्घाटनाच्या सकाळी बाबा आंघोळीला गेले होते आणि माय दाराशी झेंडूची माळ ओवत होती, झारीच्या तोटीला बांधायला. मी झारी खाली काढली, तोटीचा ओठ ऐरणीवर टेकवला आणि लहान हातोडीने वरून ठोके घातले. मला ठोकता कुठे येत होतं? वेडेवाकडे बसले. पण पातळ कड चेपून जाड झाली आणि ओठ बाहेरच्या बाजूला उलटला, एवढं पुरे होतं. पुन्हा खुंटीला अडकवली. मायने येऊन माळ बांधली, अगदी टोकापर्यंत, आणि सगळं झाकलं गेलं. बाबांनी ती धोतराच्या फडक्यात गुंडाळून सायकलवर नेली.

पाणपोईसमोर गर्दी होती. दाजीसाहेब कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ओट्यावर उभे. आधी मानाच्या माणसांना गिलासातून पाणी झालं. मग ते झारी घेऊन पुढे आले, एक हात मुठीला, एक हात बुडाखाली. खाली तोच दगड होता, फक्त आता त्याला चुना लावला होता. तेवढ्यात रस्त्याने किसनदादा सायकलवरून कामाला निघालेले दिसले.

"ये रे किसन," दाजीसाहेब म्हणाले. "बस. पहिली ओंजय तुही."

किसनदादांनी एक पाय खाली टेकला. सायकलवरून उतरले नाहीत. "तहान नाही जी."

दाजीसाहेबांना नाही ऐकायची सवय नव्हती. त्यांनी झारी आधीच कलती केली होती आणि अंगठा उचलला होता. धार सुटलीच नाही. पाणी ओठाला बिलगलं, माळेतून झिरपलं, तोटीच्या पोटाखालून मागे सरपटलं आणि बुडाखालच्या तळहातात उतरलं. तिथून मनगट, मनगटावरून कोपर, आणि कोपरावरून पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीत. त्यांनी घाबरून झारी आणखी कलती केली तशी उरलेलं पाणी भसकन दगडावर पडलं आणि चुन्याचे शिंतोडे त्यांच्या धोतरावर उडाले. ते एकदम मागे झाले. त्या दगडावरच्या पाण्याने शिवल्याबरोबर त्यांच्या तोंडावर जे आलं, नाक चढलेलं, ओठ वाकडा, ते मला स्पष्ट दिसलं. मला वाटायचं, किळस फक्त मला येते. यांची किळस कसली होती ते त्या दिवशी नीट बघून घेतलं, आणि तेव्हापासून मी माझी किळस कुणावर येतेय ते तपासून घेते.

लोक हसू दाबत होते. किसनदादांनी सायकलला बांधलेली काचेची बाटली सोडली, मक्याच्या कणसाचं बूच काढलं आणि मान वर करून पाणी प्यायले. गुडगुड, गुडगुड, बाटली अडखळत होती, पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं. मग बूच लावलं, सदऱ्याने तोंड पुसलं आणि ते निघून गेले.

"नारायण," दाजीसाहेब म्हणाले, "हे काय भांडं होय?"

बाबा पुढे आले. माळ सोडली. ओठावरून अंगठा फिरवला. मी बायांच्या मागे उभी होते. त्यांनी मान वर करून गर्दीत मला शोधलं, आणि मला कळलं की यांना कळलं. मग ते दाजीसाहेबांना म्हणाले, "चूक माही हाय जी. घाईत ओठ तसाच राह्यला. घेऊन जातो, दुरुस्त करून आनतो." ज्याच्या हातून लाळ गाळणारं एक फुलपात्र कधी बाहेर गेलं नाही, तो माणूस सगळ्या गावासमोर हे म्हणाला.

घरी मी मार खायच्या तयारीने बसले. बाबांनी झारी खुंटीला टांगली, हातपाय धुतले, भाकर-ठेचा खाल्ला. उठताना म्हणाले, "हातोडी जाग्यावर ठेवत जा." एवढंच. पुढे कधी त्यावर बोलणं झालं नाही.

सुनंदाने मला काही विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळेत तिने ती काचेची बाटली आणली होती. मधल्या सुटीत बूच काढून माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "पी." बाटली कधीकाळी औषधाची असावी, तोंडाशी कणसाचा भुसा चिकटलेला. खोटं कशाला सांगू, मला घाण वाटली. पण बाटलीच्या तोंडाची वाटली, सुनंदाच्या नाही. मी तोंड लावून प्यायले आणि पुढून सगळी ओली झाले. ती इतकी हसली की मास्तरांनी बाहेर येऊन पाहिलं.

एवढ्याने गाव सुधारलं असं मी म्हणणार नाही. पाणपोईवर बांबूची फोड पुन्हा आली आणि तिथे हातपंप बसेपर्यंत राहिली. दाजीसाहेबांचा माणूस झारीसाठी खेपा घालायचा. बाबा म्हणायचे, "होऊन जाईन." मग एकदा म्हणाले, "पत्रा फाटला. आता नाही होत ते." मोठी कामं आमच्याकडे यायची थांबली, मायची बोलणी वाढली, आणि थोड्या काळाने तर स्टीलच आलं. मी मात्र बाबांना माफ केलं नाही. मला वाटायचं, त्यांनी चूक अंगावर घेतली ती घराच्या अब्रूसाठी, आणि दुरुस्त केली नाही ती मन उडालं म्हणून. "ते माह्यं काम नाही" हे त्यांचं वाक्य माझ्या मनात कळकून हिरवं झालं होतं. बाबा वारले तेव्हाही ते धुतलं गेलं नव्हतं.

त्यांच्यामागे झारी माझ्याकडे आली. इतकी वर्षं माळ्यावर फडक्यात होती. मागच्या दिवाळीआधी माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, नवा चष्मा आला, आणि सूनबाईला दाखवावं म्हणून मी ती काढून चिंचेने घासायला बसले. ओठावरचे माझे ठोके दिसले. ओबडधोबड, एक इकडे, एक तिकडे, एक तर तोटीच्या अंगावरच बसलेला. पण ते तेवढेच नव्हते. ओठ माझ्यानंतर कुणीतरी सगळीकडून बाहेर वळवून, दुमडून, गोल करून बसवलेला होता, पुन्हा कुणालाही, कुठल्याही हत्याराने धार लावता येऊ नये असा. पत्रा कुठेही फाटलेला नव्हता. मी डोळे मिटले आणि त्या कडेवरून अंगठा फिरवला. बारीक, एकसारखे ठोके, ओळीने मांडलेले बाजरीचे दाणे.

माझ्या बाबांनी आयुष्यात जाणूनबुजून बिघडवलेलं हे एकच भांडं. आणि ते त्यांनी, प्रत्येक भांडं करायचे तसंच, मन लावून केलं होतं.